पाच काड्यांचा डबा

मी एक जुना बिस्किटांचा डबा आहे. बिस्किटं होती तोवर मला मान होता. पुढे शिक्षणक्षेत्रात आलो आणि माणसातून उठलो.

पाचवीच्या बाई प्रशिक्षणाहून आल्या त्या नवी पद्धत घेऊनच. प्रत्येक मुलाचा हजेरी क्रमांक आइस्क्रीमच्या काडीवर लिहायचा, काड्या माझ्या पोटात टाकायच्या, प्रश्न विचारायचा आणि न बघता एक काढायची. नंबर कुणाचाही लागेल, म्हणून सगळेच डोकं चालवतात. मित्रांनो, पद्धत चांगली होती. म्हणूनच ती चार दिवस टिकली. पाचव्या दिवशी उत्तरं चुकली, तास रेंगाळला, आणि बाईंनी पाच हुशारांच्या काड्या ठेवून उरलेल्या सदतीस टेबलाच्या खणात कोंबल्या. वर तोंड करून म्हणतात, "बघा, कशी पटापट उत्तरं येतात!" यापेक्षा बिस्किटांना अक्कल जास्त होती.

शेवटच्या बाकावर एक मुलगी होती. मुलं तिला 'मौनी' म्हणत. एकदा तरी आपला नंबर लागावा म्हणून काडी निघताना ती दर वेळी अर्धवट उठायची, आणि मुकाट बसायची. वर्षभर. मला तोंड एवढं मोठं, पण सांगायची सोय नाही.

मग तपासणीला साहेब आले. फळ्यावर प्रश्न होता : अर्धा अधिक एक तृतीयांश. साहेबांनी मला हलवलं.

"बाई, पट किती?"

"बेचाळीस, सर."

"मग यात पाचच काड्या?"

"बाकीच्या... रजेवर आहेत, सर."

"काड्या?"

तेवढ्यात मौनी पूर्ण उभी राहिली. "सर, आमच्या काड्या खणात आहेत, काल खडू काढताना दिसल्या. मी सांगू उत्तर?"

"सांग की, बाळ."

"दोन पंचमांश."

पाचही हुशार फिदीफिदी हसले. बाईंनी डोळे मिटले.

"कसं काढलंस?" साहेबांनी विचारलं.

"वरचं वरच्यात मिळवलं, खालचं खालच्यात."

"आणखी कुणी असंच केलंय?"

छत्तीस हात वर झाले. वर्षभराच्या शिकवण्याचा इतका स्वच्छ निकाल मी कधी पाहिला नव्हता.

बाईंनी ते हात एकेक करून मोजले. मग त्यांनी खण उघडून सगळ्या काड्या माझ्यात ओतल्या, फळ्यावर एक गोल काढला आणि मौनीला खडू दिला. "ये गं. यातला अर्धा रंगव आधी."

मित्रांनो, माझी काळजी करू नका. गंजायला मी समर्थ आहे. पण ज्याचं उत्तर चुकणार आहे, त्याची काडी आधी आत टाका. हुशारांचं काय, ते शाळा नसती तरी हुशारच झाले असते.