मातीच्या सुआला भरवलेले दाणे

मित्रांनो, पोपट म्हटला की तो बोलणारच, अशी तुमची समजूत असते. मीही पोपटच आहे. पण मी एक जुना, कच्च्या मातीचा पोपट आहे. आयुष्यात एकदाच मला बोलायची फार गरज पडली होती आणि नेमकं तेव्हा मला बोलता आलं नाही. ती हकीगत मी तुम्हाला सांगणार आहे.

आमच्या रायपूरकडे पोपटाला सुआ म्हणतात. दिवाळीच्या दिवसांत इथल्या बायका टोपलीत धान भरतात, त्यावर मातीचा सुआ बसवतात आणि दारोदार जाऊन त्या टोपलीभोवती टाळ्या वाजवत, गात गोल नाचतात. अशाच एका टोपलीसाठी मला कुंभारपाऱ्यातल्या, म्हणजे कुंभारांच्या वस्तीतल्या, एका म्हातारीने घडवलं. तिने मला भट्टीत भाजलं नाही, नुसतं उन्हात वाळवलं. अंगाला हिरवा रंग दिला, चोचीला लाल. डोळे काढताना तिचा हात जरा हलला आणि माझा एक डोळा मोठा झाला. त्यामुळे मी कायम दचकलेला दिसतो. दिसता दिसता स्वभावही तसाच झाला असावा, कारण मला लहानसहान गोष्टींची काळजी वाटते.

चौबे कॉलोनीत निरंजन आणि स्नेहल या मराठी जोडप्याचं घर आहे. त्यांच्याकडे कामाला येणारी कुसुम त्या वर्षी नाचणाऱ्या बायकांत होती. त्यांच्या दारातला नाच संपला तरी निरंजन-स्नेहलची तीन वर्षांची ईरा मला सोडेना. मुठीत धरून तिने असं भोकाड पसरलं की शेवटी कुसुम मला तिथेच ठेवून गेली. पहिलं वर्ष माझं फार कौतुक झालं. आल्यागेल्याला मला दाखवत. मग हॉलमधल्या शोकेसमध्ये, निरंजनच्या कॅरमच्या कपामागे माझी रवानगी झाली. सहा वर्षं मी त्या कपाची पाठ बघत काढली. धूळ बसली, शेपटीचं टोक उडालं, आणि मी घरात आहे हे बहुधा घरच्यांनाही आठवत नव्हतं.

मग या माघात बटन आला. सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत भैय्यालालचं पाखरांचं दुकान आहे, तिथून ईराच्या अकराव्या वाढदिवसाला निरंजनने त्याला आणलं. लोक त्याला लव्हबर्ड म्हणतात, दुकानदार बजी म्हणतो. निळं अंग, पांढरा चेहरा आणि बटणासारखे काळेभोर डोळे. म्हणून ईराने त्याचं नाव बटन ठेवलं.

"आठ दिवसांत हातावर बसते म्हणे," निरंजन म्हणाला.

आठ दिवस! पहिल्याच संध्याकाळी शेजारपाजारची दहाबारा माणसं पिंजऱ्याला घेरून उभी राहिली. कोणी शीळ घातली, कोणी तारेवर टिचकी मारली. वर पंखा फिरतोय, स्वयंपाकघरात कुकर शिट्ट्या मारतोय, आणि तो मूठभर जीव एका कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. त्याची छाती इतकी जोरात उडत होती की मला शोकेसमधून दिसत होती. दुसऱ्या दिवशी निरंजनने हाताला टॉवेल गुंडाळून पिंजऱ्यात हात घातला.

"अजी, हात नका घालू न! घाबरून राहिला तो," स्नेहल ओरडली.

"पकडल्याशिवाय सवय कशी लागन त्याले?"

बटन तारांवर आपटला. तीन निळी पिसं तळाशी पडली आणि निरंजनच्या अंगठ्याला टॉवेलमधूनही चावा बसला. त्यानंतर ईरा नुसती जवळ आली तरी बटन तारांना चिकटून धापा टाकायचा. पोरीचा चेहरा उतरला. "मम्मी, मैंने तो कुछ किया ही नहीं. मुझसे क्यों डरता है?" ती स्नेहलला विचारायची. तीन दिवसांत त्याने कोणासमोर एक दाणा तोंडात घेतला नाही. सगळ्या घराचा जीव टांगणीला लागला.

चौथ्या दिवशी केर काढता काढता कुसुम थांबली. तिने कपामागून मला काढलं, पदराने पुसलं आणि म्हणाली, "अकेल्ला हे बिचारा. ए सुआ ला संग मा बइठार दव, मन लग जाही."

तिच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. एकट्याला सोबत हवी, हे कोण नाकारेल? त्यांनी मला पिंजऱ्यात, दाण्याच्या वाटीशेजारी बसवलं. बटन दुरून बघत राहिला. मी हललो नाही, हात घातला नाही, शीळ घातली नाही. तासाभराने तो एकेक पाऊल सरकत आला आणि मला टेकून बसला. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कोणी टेकलं नव्हतं. त्याच्या अंगाची ऊब माझ्या कच्च्या मातीत शिरली.

घरात आनंदीआनंद झाला. आमचे फोटो नागपूरच्या नातेवाइकांना गेले. वाटी रोज रिकामी होऊ लागली. "बघा, सुआने काम केलं," निरंजन येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, आणि मी आतल्या आत फुगत असे.

फक्त ईरा खूश नव्हती. शाळेतून आली की ती पिंजऱ्यापासून दोन हातांवर जमिनीवर बसायची आणि पुस्तकातला धडा हळू आवाजात वाचायची, म्हणजे बटनला तिच्या आवाजाची ओळख होईल. रोज कंगनीचं, म्हणजे राळ्याचं, एक कणीस तारेजवळ धरून हात भरून येईपर्यंत थांबायची. पण बटन तिच्याकडे पाठ करून मला आणखी चिकटायचा. त्याला आता तिची गरजच उरली नव्हती. ती कणीस खाली ठेवून उठायची, तेव्हा मला थोडं वाईट वाटायचं. खरं सांगायचं तर थोडंच वाटायचं.

आता जे सांगतो ते सांगताना मला लाज वाटते. सकाळी सगळे बाहेर पडले आणि हॉल रिकामा झाला की बटन वाटीवर तुटून पडायचा. पोटभर खायचा. मग माझ्यासमोर येऊन भराभर मान हलवायचा, गिळलेले दाणे वर आणायचा आणि माझ्या चोचीत भरवायचा. पाखरं आपल्या जोडीदाराला असंच भरवतात. माझी चोच मातीची, ती उघडणार कशी? दाणे चोचीच्या बाजूने घरंगळून माझ्यामागे पडायचे. तो पुन्हा खायचा, पुन्हा मला भरवायचा. दिवसातून दहा वेळा, वीस वेळा.

कुसुम ट्रे झाडताना पुटपुटायची, "बहुत छितराथे ए हा." पाखरू दाणे सांडतंच, असं तिला वाटे. वाटी रिकामी आहे, म्हणजे पाखरू जेवलं, असं स्नेहलला वाटे. खरं काय ते मला एकट्याला ठाऊक होतं. त्याच्या छातीचं हाड माझ्या कुशीला दिवसेंदिवस जास्त टोचू लागलं होतं. तो पिसं फुलवून बसायचा, म्हणून लांबून गुटगुटीत दिसायचा. मी मात्र आतला सापळा ओळखत होतो.

मला वाचा असती तर मी ओरडलो असतो, असं म्हणून मोकळं व्हायला मला आवडलं असतं. पण मनात एक चोरटा विचार होता. जगात कोणीतरी मला जिवंत समजतं आहे, आपल्या तोंडचा घास मला देतं आहे, हे सुख मी सोडलं असतं का? तोंड असतं तरी कदाचित मी मूग गिळून गप्प बसलो असतो. काळजीने मी झुरत होतो आणि त्याच वेळी उद्या सकाळची वाटही बघत होतो.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ईराला शाळा नव्हती. ती सकाळपासूनच पिंजऱ्यासमोर येऊन बसली. घसा बसला होता म्हणून त्या दिवशी तिने वाचलं नाही, नुसती गुडघ्यांवर हनुवटी ठेवून बसून राहिली. तास गेला. इतकी स्थिर की बटन तिला विसरला. त्याने वाटीतले दाणे खाल्ले, माझ्यापुढे मान हलवली आणि रोजच्यासारखं मला भरवलं. ईराचे डोळे विस्फारले. तरी ती जागची हलली नाही. आणखी दोनदा तिने तेच पाहिलं. मग हळूच, मागे सरकत सरकत ती आईकडे गेली.

"मम्मी, बटन कुछ नहीं खाता. सब सुआ को खिला देता है."

"काहीतरीच बोलून राहिली पोट्टी," म्हणत स्नेहल आली आणि तिने ट्रेमधला कागद उचलला. माझ्यामागे ओल्या दाण्यांचा ढीग होता. माझी चोच चिकट झाली होती, लाल रंगाचे पापुद्रे सुटले होते.

त्याच सकाळी ते आम्हाला बुढापाऱ्यातल्या जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. मी पिंजऱ्यातच होतो, त्यामुळे डॉक्टर मॅडमचा शब्द न् शब्द मी ऐकला. त्यांनी बटनला तोललं. चोवीस ग्रॅम.

"तीस-पैंतीस होना चाहिए," त्या म्हणाल्या. "ये इसको जोड़ीदार समझ बैठा है. अपना सारा दाना इसी को दे रहा है. इसे आज ही हटाइए. ये बहुत चिल्लाएगा, फिर भी वापस मत रखना. ज़बर्दस्ती नहीं करनी है, बस पास बैठिए, हाथ से दाना दीजिए. दो दिन में खाने लगा तो बच जाएगा."



घरी आल्यावर मला शोकेसवर ठेवलं. बटनने मला पाहिलं आणि तारांना लटकून तो हाका मारू लागला. दुपार झाली, संध्याकाळ झाली. वाटी भरलेली तशीच. निरंजनला ते ऐकवेना.

"ठेव बापा तो सुआ परत," तो ईराला म्हणाला. "असा तर जीव जाईन त्याचा. निदान खुशीत तरी राहीन."

ईरा उठली. तिने मला हातात घेतलं आणि पिंजऱ्याचं दार उघडलं. समोर बटन पंख पसरून माझ्यासाठी आकांत करत होता. आणि मी? ठेव, ठेव, मला आत ठेव, असं माझी सगळी माती म्हणत होती. एवढंच मला ठाऊक होतं. त्याचं काय होईल, हा विचार त्या क्षणी माझ्या मनात नव्हता. मित्रांनो, ते प्रेम नव्हतं.

ईराने दार लावलं. "नहीं पापा," ती रडत रडत म्हणाली, "सुआ को भूख नहीं लगती. बटन को लगती है." तिने मला एका जुन्या ओढणीत गुंडाळलं आणि हॉलमधल्या कपाटाच्या खालच्या खणात ठेवून दिलं.

आत अंधार होता, पण ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळभर बटन ओरडला. दुपारी तो गप्प झाला आणि त्या गप्प होण्याने माझा थरकाप उडाला. त्याला काही झालं असेल तर मला कोण सांगणार होतं? ईराचा बसलेला आवाज तेवढा येत होता. धडा वाचून संपला की ती तोच पुन्हा वाचे. मध्येच ती म्हणे, "एक दाना, बटन. बस एक." पुन्हा वाचन सुरू.

तिसऱ्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, ईरा वाचता वाचता अर्ध्या वाक्यात थांबली.

मी कान टवकारले. काहीच नाही. मग अगदी बारीक आवाज आला, कट्. दाण्याचं टरफल फुटल्याचा. तो आवाज मी हजार वेळा ऐकला होता. थोड्या वेळाने पुन्हा, कट्. मी पुढच्या आवाजाची वाट पाहिली, मान हलवून दाणे वर काढण्याच्या आवाजाची. तो आला नाही. बटनने दाणा खाल्ला होता आणि तो त्याच्या पोटातच राहिला होता.

"ईरा, काहून चूप झाली वो?" स्नेहलने स्वयंपाकघरातून विचारलं.

श्वास धरून बोलावं तशी ईरा पुटपुटली, "मम्मी, इधर मत आना. वो मेरे हाथ पे है."

त्याला आता महिना झाला. बटन तेहतीस ग्रॅमचा आहे, ईरा रोज मोठ्याने सांगते म्हणून मला कळतं. तो तिच्या खांद्यावर बसून तिच्या वेणीची रिबन कुरतडतो, त्यावरून स्नेहल दोघांनाही रागावते.

मित्रांनो, घरी पाखरू आणलंत तर घाई करू नका, टॉवेल गुंडाळून त्याला पकडू नका. आणि तुम्हाला वेळ नाही म्हणून त्याच्या सोबतीला एखादी वस्तू ठेवून मोकळे होऊ नका. वस्तू कधी चुकत नाही, दचकवत नाही, उठून जात नाही. पण त्याला भूक लागली आहे, हेही तिला कळत नाही. आत्मकथा सांगणाऱ्या जुन्या वस्तू शेवटी आमची काळजी घ्या म्हणून विनवतात. मला तसं काही मागायचं नाही. बटन अजून कधी कधी कपाटाच्या दारावर येऊन बसतो. त्याच्या नखांचा आवाज माझ्या डोक्यावर येतो आणि माझी माती अजूनही सगळी वर धावते. म्हणून एवढंच सांगतो, हा खण उघडू नका.