दोनदा वाजली की मावशी

मित्रांनो, उठू नका, दारात कोणी आलेलं नाही. मी एक जुनी, दारावरची बेल आहे आणि आज बटण न दाबताच बोलते आहे. एरवी मला एकच शब्द येतो, ट्रिंग! तेवढ्यात मनातलं काय काय सांगणार?

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पितळी वाटी, तिच्यावर टोले मारणारी हातोडी, तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि वर तपकिरी झाकण. माझी चाचणी घेणारा कामगार कानात बोटं घालून म्हणाला होता, "ही मेलेल्यालाही उठवेल!" ते कौतुक पुढे माझ्याच मुळावर आलं.

मला विकत घेतलं टायपिंगच्या बाईंनी. त्या घरीच टायपिंगचे वर्ग घेत आणि एकट्या राहत. शेजारच्या घराला लागून असलेल्या भिंतीवर त्यांनी मला बसवलं. भिंत इतकी पातळ, की मी वाजले की पलीकडे शिवणकाम करणाऱ्या मावशी मशीन थांबवून ओरडत, "तुमच्याकडे की माझ्याकडे?" पुढे बाईंचे गुडघे कुरकुरू लागले. तेव्हा त्यांच्या भाच्याने माझी तार वाढवून पलंगाच्या उशाशी आणखी एक बटण बसवलं. एकदा वाजली तर पाहुणा. लागोपाठ दोनदा वाजली की मावशींनी यायचं, असं दोघींचं ठरलं. मावशींकडे घराची किल्ली होतीच. ओठांत टाचण्या धरून त्या तशाच यायच्या. कधी बाईंना औषधाच्या बाटलीचं झाकण उघडत नसे, तर कधी नुसताच कंटाळा आलेला असे. "बाई, तुम्ही मला चांगलंच कामाला लावलंय," असं म्हणत मावशी बसत त्या तासभर. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग एका दुपारी बाई पलंगावरच गेल्या. मावशी शिवलेले कपडे पोचवायला बाहेर पडल्या होत्या. संध्याकाळी चहा घेऊन आल्या, तेव्हा त्यांना कळलं.

भाच्याने घर विकायला काढलं. रंगारी इतका उत्साही, की भिंतीबरोबर त्याने उशाचं बटणही रंगवून टाकलं. एजंट येणाऱ्या-जाणाऱ्याला हसतमुखाने सांगे, "आधीच्या बाई भाच्याकडे राहायला गेल्यात." मी भिंतीवर नुसती तडफडत होते. कोणी खोटं बोललं की आपोआप वाजायची सोय माझ्यात कोणी केलेली नाही.

घर घेतलं एका चष्मेवाल्याने. तो, त्याची बायको आणि त्याची आई अशी तीन माणसं. नवा पलंग आला आणि त्यांनी तो नेमका त्याच भिंतीला लावला. त्याच दिवशी जिना झाडणाऱ्या बाईकडून सुनेला खरी गोष्ट कळली. दुपारी ती पलंगावर बसली, मी वाजले. मागे टेकली, मी पुन्हा वाजले. दार उघडलं तर बाहेर चिटपाखरू नाही! दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. पलंगाची मागची फळी त्या रंगवलेल्या बटणावर दाबली जात होती. मला सगळं कळत होतं. पण मला येणारा शब्द एकच, आणि नेमकी त्याचीच तिला भीती! जीव कसा टांगणीला लागतो, ते मी तेव्हा अनुभवलं.

"आई, त्यांच्या जागेवर मी झोपलेलं त्यांना खपत नाहीये," ती सासूला म्हणाली.

"अगं, भुतं बेल वाजवून येतात होय? एवढी शिस्तीची भुतं मी तरी पाहिली नाहीत," सासूबाई म्हणाल्या, पण म्हणता म्हणता स्वतःचं अंथरूण त्यांनी बाहेरच्या खोलीत हलवलं.

वायरमनला बोलावलं. त्याने दाराबाहेरचं बटण उघडून पाहिलं आणि सांगितलं, "एकदम ठणठणीत आहे." झालं! होता नव्हता तो धीरही गेला.

"घर विकून टाकू," चष्मेवाला म्हणाला. "आणि आधी ही बेल काढतो." तो स्टुलावर चढला. आत सून मटकन पलंगावर बसली आणि भिंतीला टेकली. मी त्याच्या हाताखालीच दोनदा खणखणले. तो स्टुलासकट खाली!

तेवढ्यात दाराच्या कुलपात किल्ली फिरली; ते कुलूप कोणी बदललंच नव्हतं. दारात मावशी उभ्या होत्या, टाचण्या ओठांत तशाच. त्यांनी त्या हातावर काढल्या.

"रोज ऐकतेय," त्या म्हणाल्या. "बाई नाहीत, हे मला माहीत नाही का? कान झाकून बसले. पण आज नाही राहवलं. दोनदा वाजली की यायचं, ठरलं होतं आमचं."

त्या सरळ आत गेल्या. सगळ्यांनी मिळून पलंग ओढला. मावशींनी टाचणीने रंग खरवडला आणि खालून बटण वर आलं. सून आधी हसली, मग रडली. मग तिने मावशींना विचारलं, "बाई कशा होत्या हो?" हा प्रश्न आजवर कोणीच विचारला नव्हता. मावशी बोलत राहिल्या. घर विकायचा विषय पुन्हा निघाला नाही. सासूबाईंनी तर जाहीरच केलं, "हा पलंग आता माझा. इथून बोलावलं की माणूस येतं."

निघताना मावशी माझ्याखाली थबकल्या. "त्या दुपारी मी घरी नव्हते. वाजवली असेल का हो बाईंनी?"

मित्रांनो, याचं उत्तर माझ्याकडे आहे. बाई जेवल्या, कुशीवर वळल्या आणि झोपेतच गेल्या. त्यांचा हात बटणाकडे गेलाच नाही. पण मी वाजले नाही, हे वाजून कसं सांगू? भिंतीपलीकडचं मशीन अजून मध्येच थांबतं, मावशी कान देऊन बसतात, आणि माझा जीव तळमळतो. तुम्हाला तोंड आहे. घर घ्याल तेव्हा आधीच्या माणसाची चौकशी करा, विकाल तेव्हा खरं सांगा. आणि मावशी भेटल्या तर माझा एवढा निरोप द्या, की त्या दुपारी त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.