नळी काही बसेना

रत्नपालला ऑफिसात सगळे मान द्यायचे, घरात मात्र बाप देत नव्हता. आता बापाने द्यावा तरी का म्हणा! विमा कंपनीतल्या या मॅनेजरने खिळा ठोकायला घेतला की भिंतही कामातून जायची आणि अंगठाही. वडील भाऊराव जुने हवालदार, उमेदीची वर्षं सगळी महूला पलटणीत गेलेली. ते म्हणायचे, "रतनचे हात सहीपुरते." हसत म्हणायचे, पण रत्नपालला ते चांगलंच झोंबायचं.

म्हणून बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला त्याने घाट घातला. ठासणीची बंदूक करायची, खापरपणजोबांच्या खांद्यावर होती म्हणतात तशी. शोभेचीच हो! नळी आतून बुजवलेली, तिला चिमणीसुद्धा घाबरायची नाही. सुटे भाग खोक्यातून मागवले, अन्नपूर्णा वस्तीतल्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत लपवले आणि बायकोला, संबोधीला बजावलं, "बाबांना कळता कामा नये. सरप्राइज आहे." रविवारी बाबांचे पलटणीतले दोस्त येणार होते. त्यांच्यासमोर बंदूक भिंतीवर लागली की बाबांच्या तोंडून आपल्याबद्दल एक तरी चांगला शब्द निघेल, एवढीच त्याची हाव.

दस्त्याचं लाकूड अर्धवट घडवून आलेलं. त्यात नळीसाठी खाच होती, पण नळी काही तिच्यात बसेना. पुढे टेकवली की मागे उचलायची. सोबतच्या कागदात उपाय होता: नळीच्या पोटाला अगदी पातळ काजळ चोळा, खाचेत दाबा, उचला. लाकडाला जिथे काळं लागेल तिथेच अडतंय, तेवढंच खरवडा. नळी मुळातच काळपट, त्यामुळे लावलेलं काजळ डोळ्याला दिसायचंही नाही.

रत्नपाल सकाळी संबोधीच्या डबीतलं काजळ चोळायचा, तोवर ऑफिसची वेळ व्हायची. संध्याकाळी येऊन नळी दाबायचा, उचलायचा आणि बघतो तर काय, खाच कोरी करकरीत!

"अरे यार, कुठेच टेकत नाही, तर मग अडतंय कुठे?" तो डोकं धरून बसायचा.

"ते नंतर शोधा," संबोधी म्हणाली. "आधी माझं काजळ कुठे जातंय ते सांगा."

शेवटी शुक्रवारी त्याने अंदाजाने पटाशी चालवली. पुढच्या बाजूने लाकूड एवढं काढलं की नख आत जाईल अशी फट पडली, आणि नळी मागे होती तशीच उचललेली. रोगापेक्षा औषध भयंकर, दुसरं काय!

शनिवारी हाफ डे. रत्नपाल दुपारीच घरी आला, तडक गच्चीवर गेला आणि दारातच थिजला. स्टुलावर बाबा बसले होते. मांडीवर नळी, एका हातात फ्लॅनेलचं फडकं, शेजारी खोबरेलाची बाटली. अगदी मन लावून घासत होते.

"बाबा! हे काय चाललंय?"

"हे मीच तुला विचारतो!" भाऊराव उसळले. "रोज साफ करतो, रोज पुन्हा तेच! बोट फिरवलं की बोट काळं. पलटणीत अशी नळी दाखवली असती ना, तर सुभेदाराने मैदानाला चकरा मारायला लावल्या असत्या. म्हटलं, पोराला जमत नाही, आपणच गुपचूप करावं."

"अहो बाबा, ते काजळ आहे! मी लावतो!"

"नळीला काजळ? दृष्ट लागू नये म्हणून?"

रत्नपाल मटकन खाली बसला. रडावं की हसावं त्याला कळेना. त्याने सगळं समजावून सांगितलं. म्हाताऱ्याने फडकं हळूच खिशात कोंबलं.

"तुम्हाला कळलं तरी कधी, बाबा?"

"खोकं आलं त्याच दिवशी. म्हातारा झालो म्हणजे काय आंधळा झालो?"

मग रत्नपालने पुन्हा काजळ चोळलं आणि लगेच नळी दाबली. उचलली तर खाचेच्या मागच्या टोकाला ठसठशीत काळा डाग. तेवढाच खरवडला, पुन्हा दाबली, पुन्हा खरवडला. संध्याकाळी नळी खाचेत अशी बसली की ओढली तरी हलेना. राहिली ती पुढची फट. त्याच लाकडाचा भुसा गोंदात कालवून त्याने ती भरली, सुकल्यावर पॉलिश पेपरने घासली. रंग जरा उजळच राहिला, पण दुरून दिसत नव्हता.

रविवारी पोह्यांचा घमघमाट, दोस्तांचा गलका. पण नाना कसला दुरून बघतोय! बाबांच्याच पलटणीतला जुना नाईक तो. त्याने बंदूक भिंतीवरून उतरवली आणि लाकडावरून नख फिरवलं.

"भाऊराव, फिटिंग ए-वन आहे. पण इथे फट भरलेली दिसतेय. किसीसे गलती हुई है."

रत्नपाल पोह्यांचं पातेलं घेऊन तिथेच थांबला. चूक स्वतःची असली तरी दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, ही भाऊरावांची जन्माची खोड. ते खाकरले.

"हुई है. माझ्याकडून झाली," ते म्हणाले. "मी मध्ये लुडबुड केली म्हणून फट पडली. भरली ती माझ्या पोराने, त्याच्या हाताने. नळीही त्यानेच बसवली."

रत्नपालला असं भरून आलं की समोरचं काही दिसेना. तो नानाच्या बशीत पोहे वाढतच राहिला आणि नाना ओरडत राहिला, "अरे बस, भिया, बस रे भाऊ!"