रडणारी लाल गाडी

महापेजवळच्या गावात गोटीराम पाटलांच्या शेडमध्ये लाल गाडी रडायला लागली, तसे निम्म्या माणसांनी हात जोडले आणि उरलेली निम्मी पुढच्याच्या खांद्यावरून वाकून बघू लागली. इंजिन चालू होतं आणि गाडीच्या पोटाखालून कोरड्या फरशीवर थेंब पडत होते. तेलाचे नव्हेत, चक्क पाण्याचे. वर बॉनेटवर चौघडी केलेल्या लाल फडक्यावर पितळी तांब्या होता आणि त्यातलं पाणी हिवताप भरल्यासारखं थरथरत होतं.

तांब्यासमोर पिस्टनबाबा डोळे मिटून उभे. रुद्राक्षाच्या माळेत दोन जुने स्पार्क प्लग ओवलेले. तोंडानं "प्लगदेवा, शांत हो, वायरमाते, क्षमा कर" असं चाललेलं. मग त्यांनी भस्माची चिमूट उधळली, तांब्यावर डोळे वटारले आणि पाणी निपचित पडलं. गाडीचं दार उघडून बाबांचा शिष्य पोपट बाहेर आला. हा चाळिशीचा आडदांड माणूस काळ्या काचा बंद करून वीस मिनिटं आत 'यंत्रसमाधी' लावून बसला होता. बाहेर जुलैच्या दमट हवेत सगळ्यांचे सदरे पाठीला चिकटलेले, पण पोपटाच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. हे तपाचं तेज, असं म्हणून एक म्हातारा त्याच्या पाया पडला.

पाटलांची धाकटी लेक सुचिता खांबाला टेकून हे बघत होती. दहावी झालेल्या या मुलीला एक वाईट खोड होती. तिला प्रश्न पडायचे, आणि पडले की ती ते विचारायची.

गाडी तिच्या भावाची, हितेशची. सरकारी संपादनात मिठागर गेलं, मोबदल्यात भूखंड मिळाला, आणि सिंगापूरहून परतलेल्या कुणा साहेबाकडून हितेशनं ही जपानी स्पोर्ट्स कार घेतली. बसायला जागा दोघांना. आई पुतळाबाई बाजाराला अजून रिक्षानंच जायची. त्याआधी पाटलांचे डंपर होते. अमावास्येला डंपर रस्त्यावर काढायचा नाही, ही गावाची रीत. मग त्या रिकाम्या दिवशी लिंबू-मिरची बदलायची, फिल्टर झटकायचा, टॅपेट जुळवायचे. महिनाभर खडीच्या धुळीत राबलेल्या डंपरला ते मानवायचंही. डंपर विकले गेले, रीत मात्र शेडमध्येच राहिली. या गाडीचं इंजिन कॉम्प्युटर सांभाळतो, ती खडीच्या धुळीत जात नाही आणि आठवड्यातून दोनदाच बाहेर पडते, तीही वाशीपर्यंत. पण अमावास्या जवळ आली की गोटीरामांना वाटायचं, बिचारीला ट्यूनिंग हवं असेल.

नेमक्या याच वाटण्यात पिस्टनबाबा शिरले. ट्यूनिंग कधी करायचं हे यंत्राचा आत्माच सांगतो, असं त्यांचं म्हणणं. गेल्या तीन अमावास्यांना आत्म्यानं एकच उत्तर दिलं होतं: आजच. मग पोपट गाडी बाबांच्या ओळखीच्या गॅरेजात नेई आणि दोन दिवसांनी धुऊनपुसून, बिलासकट परत आणी.

त्या दिवशी सुचितानं विचारलं, गॅरेजात नक्की काय बदलतात?

बाबांनी एकच डोळा उघडला. या गाडीच्या स्टिअरिंगला कुणा पोरीचा हात लागला होता काय, असं त्यांनी उलट विचारलं. हितेश मान खाली घालून म्हणाला, हिनं एकदा शेडमध्येच चार हात पुढंमागं केली होती.

"मग रडेल नाही तर काय करेल?" बाबा म्हणाले. "यंत्र विटाळलं, पाटील. आणि हीच पोरगी यंत्रविद्या शिकायला निघाली ना? शिकवा. घरातलं एकही चाक फिरणार नाही."

सुचिताला पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाइलला जागा मिळायच्या बेतात होती, हे गोटीरामांनीच कौतुकानं बाबांना सांगितलं होतं. पुढच्या पंधरवड्यात पत्र आलं. प्रवेश पक्का करायचा शेवटचा दिवस सोमवार, आणि आषाढातली अमावास्या आदल्या दिवशी, रविवारी. गोटीरामांनी पत्र कपाटात ठेवून किल्ली करगोट्याला बांधली.

"रयवारी गाडी नाय रडली त जा," ते म्हणाले. "रडली त घरान बस."

"गाडी रडते ती दिसतंय तुमाला," पुतळाबाई म्हणाल्या. "पोरगी रडते ती नाय दिसत."

सुचिता मात्र फार वेळ रडली नाही. गाडीच्या खणात प्लास्टिकच्या पिशवीत एक जाडजूड इंग्रजी पुस्तिका होती. हितेशनं ती पिशवी फोडलीसुद्धा नव्हती. सुचिता शब्दकोश घेऊन बसली. तिसऱ्या दुपारी एक ओळ सापडली: एसी चालू असताना गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकू शकतं, त्यात काळजीचं काही नाही. तिनं ओळ चारदा वाचली. मग तिला पोपटाचं कोरडं कपाळ आठवलं आणि ती इतकी हसली की पुतळाबाई दूध गॅसवर तसंच सोडून आल्या.

दोघींनी हितेशला गाडी चालू करायला लावली आणि चौघडीवर तांब्या ठेवून पाहिला. एसीचं बटण दाबलं की टक् आवाज व्हायचा, इंजिनवर नवं ओझं पडायचं, बॉनेट थरथरायचं आणि पाण्याला लाटा सुटायच्या. बंद केलं की सगळं शांत. हितेश खजील झाला. ज्याला आत गार हवा लागते, त्याला खालचं पाणी कुठून दिसणार?

वडलांना आत्ताच सांगू या, असं सुचिता म्हणाली.

"सांगून तुजा बा ऐकनार नाय," पुतळाबाई म्हणाल्या. "त्याला दाखव."

रविवारी शेड तुडुंब भरलं. बाबा आले, पोपट आत बसला, काचा वर गेल्या. कुणाला माहीत नव्हतं की सकाळीच सुचितानं पुस्तिकेतलं चित्र पाहून एसीचा नखाएवढा फ्यूज काढून पदराला बांधायला आईकडे दिला होता.

इंजिन चालू झालं. बाबांनी डोळे मिटले.

"बोल, यंत्रात्म्या. तुझं दुःख बोल."

यंत्रात्मा बोलेना. तांब्यातलं पाणी लग्नातल्या नवऱ्या मुलासारखं गप्प. बाबांनी मंत्राचा वेग वाढवला, क्लच आला, गिअर आला, पार पंक्चरच्या ट्यूबपर्यंत सगळी दैवतं झाली. फरशी कोरडी ठणठणीत. दहा मिनिटं गेली. बाबांनी बॉनेटवर दोन चापट्या मारल्या. ती ठरलेली खूण असावी, कारण आतूनही दोन चापट्या आल्या.

शेवटी दार धाडकन उघडलं. पोपट घामानं निथळत होता. समाधीचा सदरा पिळता आला असता.

"म्हाराज," तो धापा टाकत म्हणाला, "कवापासून बटन दाबतोय. थंडच नाय होत."

मागून कुणीतरी खुसकन हसलं, आणि ते हसू शेडभर पसरलं.

सुचितानं आईच्या पदरातून फ्यूज सोडवला, जागेवर बसवला आणि पुतळाबाईंनाच गाडीत बसवलं. दाब म्हटलं की बाई बटण दाबत, पाणी नाचे. सोड म्हटलं की शांत. थोड्या वेळात थेंबही पडू लागले. हवेतला दमटपणा थंड नळीवर जमतो आणि खाली गळतो, बर्फाच्या पेल्याला बाहेरून पाणी सुटतं तसा, असं सुचितानं समजावलं. पोपटाच्या पाया पडलेल्या म्हाताऱ्यानं तीनदा बटण दाबून पाहिलं. तोवर बाबा आणि पोपट रस्त्याला लागले होते. तांब्या मात्र राहिला.

गोटीरामांनी तांब्या उचलून बाजूला ठेवला. मग लेकीकडे न बघता त्यांनी विचारलं, "आनि खरंच बिघडली, त मना कसा कलायचा?"

सुचितानं सांगितलं. ओढ कमी झाली, पेट्रोल जास्त प्यायला लागली, चालू व्हायला कुरकुरली किंवा थांबल्यावर धडधडली, तर दाखवायची. समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहिला, तरी दाखवायची. नाहीतर इतक्या किलोमीटरला प्लग, इतक्याला फिल्टर, हे पुस्तिकेत छापलंय, ते बघायचं.

"आनि अवस?"

"किलोमीटरच्या काट्याला अवस कलत नाय, बा."

गोटीरामांनी करगोट्याची किल्ली सोडली. सोमवारी लाल गाडीच्या दोन जागांपैकी एकीवर हितेश होता आणि दुसरीवर सुचिता, मांडीवर पत्र घेऊन. गोटीराम रिक्षानं मागून गेले, सहीसाठी.

वाचकहो, तुमची गाडी, तुमचं घर किंवा तुमची लेक बाधित आहे असं कुणी सांगितलं, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: हे तुम्हाला कशावरून कळलं? खरं जाणणारा माणूस या प्रश्नावर रागावत नाही. तो बॉनेट उघडून दाखवतो.