दुसरी मंजुरी

"मंजुरी मी देणार नाही," लुबोर म्हणाला आणि क्नेडलिकचा, म्हणजे उकडलेल्या पावाचा, शेवटचा काप त्याने गुलाशच्या रश्श्यात फिरवला.

"अरे, अकरा ओळींची दुरुस्ती आहे. वाच आणि हो म्हण. पाच मिनिटांचं काम."

"कंपनीने बजावलंय, ऊलला हात लावायचा नाही. आणि लेका, दोन माणसांनी बघितल्याशिवाय काही आत जायचं नाही, हा नियम कोणी केला? तूच ना? माझं काम आठ दिवस अडवून ठेवलं होतंस, दुसरी मंजुरी नाही म्हणून. भोग आता."

कामिलने बिअरचा पेला नुसताच फिरवला. नियम त्यानेच केला होता आणि त्याचा त्याला भारी अभिमानही होता.

ऊल म्हणजे चेक भाषेत मधमाश्यांची पेटी. एका दणकट यंत्राच्या पोटात चाळीस वेगवेगळे संगणक गुण्यागोविंदाने नांदवायचे, एकाला दुसऱ्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, हे ऊल नावाच्या प्रोग्रॅमचं काम. सगळं उघडं, सगळं फुकट. ब्रनोतल्या कंपनीने नऊ माणसं पगारावर ठेवून चौदा वर्षं ते पोसलं. मग दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी साहेबांनी केक कापला आणि जाहीर केलं, की आजपासून ऊल जगाच्या स्वाधीन. जगाच्या म्हणजे कामिलच्या आणि विलेमच्या. बाकीचे सात जण केक खाऊन दुसऱ्या खात्यात गेले; लुबोर त्यांतलाच. हे दोघे खुळे नोकरी सोडून बाहेर पडले. कामिल एका शाळेचे संगणक सांभाळू लागला आणि उरलेल्या वेळात ऊल.

विलेम मार्चमध्ये गेला. स्वादुपिंडाचा कर्करोग, सहा आठवड्यांत खेळ आटोपला. अंत्यविधीनंतर त्याच्या बायकोने, इवोनाने, कामिलला विचारलं होतं, "त्याच्या त्या जगभरच्या मंडळींना कळवलंस ना रे?"

"कळवलं," कामिल म्हणाला होता.

कळवलं नव्हतं. ऊलवर एकच माणूस उरला हे फुटलं असतं, तर लोक आठवड्याभरात बोचकी बांधून दुसरीकडे गेले असते. मग सोळा वर्षं कशासाठी घालवली? आज सांगू, उद्या सांगू म्हणताना ऑक्टोबर उजाडला. विलेमचं खातंही त्याने बंद केलं नाही. बंद करायला हात धजेना, हेही खरंच होतं.

आणि नेमकं आता कोणीतरी ऊलमध्ये भोक शोधून काढलं होतं. शेजारच्या संगणकात डोकावता येत होतं. ऊल वापरणाऱ्यांच्या सामायिक ईमेल-यादीवर आरडाओरडा सुरू झाला. ज्यांनी उभ्या जन्मात ऊलसाठी एक ओळ लिहिली नव्हती, ते विचारत होते, 'दुरुस्ती कुठे आहे? झोपलात का?'

बुधवारी दुपारी, मुलं जेवायला गेल्यावर, शाळेच्या सामानाच्या खोलीत बसून कामिलने विलेमचं खातं उघडलं. सगळ्या किल्ल्या त्याच्याकडेच होत्या. विलेमच्या डोळ्यांनी एकदा वाचू, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. वाचलं नाही. स्वतःचं लिहिलेलं माणूस काय वाचणार? त्याने मंजुरी दिली. यंत्राने लगेच विलेमचे आभार मानले.

गुरुवारी सकाळी ऊल कोसळलं. ज्यांनी दुरुस्ती चढवली, त्यांच्याकडे पोटातला एक संगणक बंद केला की चाळीसही बंद पडायचे. दोन ओळी उलट्या क्रमाने पडल्या होत्या. विलेमने ते चहा पिता पिता पकडलं असतं आणि वर खवचटपणे विचारलं असतं, की राजे, हे डाव्या हाताने लिहिलंत काय?

नियमाप्रमाणे प्रत्येक बदलाखाली मंजुरी देणाऱ्याचं नाव असतं. लोकांनी ते हुडकून काढलं. लिहिणाऱ्याच्या हातून चूक होते, ती पकडण्यासाठी तर दुसरा माणूस ठेवलेला. मग सगळे त्या दुसऱ्यावर तुटून पडले. कामिलने दिवसभरात नवी दुरुस्ती लिहिली; पण ती आत घालायला पुन्हा तेच नाव वापरायला लागणार होतं. त्याने ती तशीच बाजूला ठेवली.

शुक्रवारी इवोनाचा निरोप आला. चारला या.

तिसऱ्या मजल्यावरचं हे दार कामिलला घरचं होतं. आत शिरलं की बूट काढायचे आणि कपाटाखालच्या चौकड्यांच्या लोकरी सपाता पायात सरकवायच्या. त्या इवोनाने खास त्याच्यासाठी घेऊन ठेवल्या होत्या. तो सवयीने नाडी सोडायला वाकला.

"बूट राहू द्या," इवोना म्हणाली. "जास्त वेळ थांबायचं नाहीये तुम्हाला."

वीस वर्षांत ती त्याला कधी अहो-जाहो बोलली नव्हती. तो पायपुसण्यावरच उभा राहिला. तिच्या हातात कागद होते.

"विलेमचं टपाल अजून घरच्या संगणकावर येतं. मी बंद केलं नाही. बुधवारी जेवण उरकत होते, तेवढ्यात पत्र आलं. विलेम, तुमच्या मंजुरीबद्दल आभार. अर्धा तास मला खुर्चीवरून उठता आलं नाही."

"इवोना, ऐक ना..."

"मी वाचते, तुम्ही ऐका." तिने चष्मा लावला. "'हा विलेम डोळे मिटून बसला होता का?' हे एक. 'असल्या गाढवाला कोणी ठेवलंय? हाकला त्याला.' हे दुसरं. अजून अकरा आहेत. वाचू?"

"नको."

"सात महिने मी वाट पाहिली, कामिल. सोळा वर्षं माणूस त्यांच्यासाठी राबला. दवाखान्यात सलाईन लावलेल्या हाताने उत्तरं लिहीत होता. आणि गेल्यावर एकाचंही दोन ओळींचं पत्र नाही. मी म्हटलं, असतील अशीच माणसं. विलेम उगाच जीव टाकत होता त्यांच्यावर. त्यांना माहीतच नव्हतं, होय ना?"

"नव्हतं," कामिल म्हणाला.

तिने दार लावलं. आपटलं नाही, नीट लावलं.

घरी जाऊन त्याने चार ओळी लिहिल्या. विलेम मार्चमध्ये वारला. बुधवारची मंजुरी माझी होती. हे मी लपवलं. माझे सगळे अधिकार मी आज सोडतो आहे. मग त्याने विलेमचं खातं बंद केलं आणि त्यानंतर स्वतःचं. आता ऊल कोणालाही वाचता येत होतं, बदलता कोणालाच येत नव्हतं. सोमवारी लोक बोचकी बांधू लागले. लुबोरने एका शब्दाचं पत्र पाठवलं: 'एकदाचं.'

विलेमसाठी मात्र पत्रं आली. लिस्बनहून, ओसाकाहून, कुठून कुठून. त्याने कोणाची रात्र वाचवली होती, कोणाला पहिली ओळ लिहायला शिकवली होती. त्याला गाढव म्हणणाऱ्यानेही दोन पानं लिहिली. सगळ्यांच्या शेवटी तेच, त्यांच्या पत्नीला पोचवा. त्यांत कामिलसाठी कोणी काही लिहिलं नाही. त्याने दोनशे चौदा पत्रं शाळेत छापली, दोरीने बांधली आणि शनिवारी तिसरा मजला चढला.

इवोनाने दार अर्धंच उघडलं. गठ्ठा दोन्ही हातांनी घेतला, वरचं पत्र उभ्या उभ्या वाचलं. तिचे ओठ हलत होते. कामिल थांबला. वाचून झाल्यावर तिने नुसती मान हलवली आणि ती दार ओढून घेऊ लागली.

तेवढ्यात त्याला कपाटाखालची जागा दिसली. तिथे इवोनाच्या सपाता होत्या, विलेमच्याही होत्या. त्याच्या चौकड्यांच्या नव्हत्या.