एका सेलच्या बॅटरीने पाहिलेली दुपार

बाजूला बटण असलेली, एका पेन्सिल सेलवर चालणारी लहानशी बॅटरी, ती मी. पुस्तकांत मला विजेरी म्हणतात, पण जानेफळच्या बाजारात कुणी विजेरी मागितली, तर दुकानदार आधी त्याच्या तोंडाकडे पाहील. माझा काळा रंग आता कडांना उडाला आहे. गळ्यातल्या दोरीला औषधाचा वास लागला आहे. मित्रांनो, माझे आयुष्य काही फार मोठे नाही, जेमतेम तीन वर्षांचे. पण त्यातली एक दुपार मला तुम्हाला सांगितलीच पाहिजे.

कारखान्यातले दिवस मला नीट आठवत नाहीत. एक नळी, पुढे काच, आत इवलासा दिवा, मागे स्प्रिंग. माझ्यासोबतच्या बहुतेक बॅटऱ्यांचे बटण शेपटाला होते, माझे मात्र कमरेवर बसवले. जानेफळला पंजाबरावांच्या दुकानात आल्यावर कळले, की लोकांना मी साधी वाटते. आठ महिने मी काचेच्या कपाटात पडून होते. शेजारच्या मोठ्या बॅटऱ्या एकेक करून गेल्या. कुणाचा झोत लांब जायचा, कुणाचा उजेड लाल-निळा लुकलुकायचा. मला हातात घेऊन लोक पुन्हा खाली ठेवत.

मग एके दिवशी करिष्मा आली. ती नवीनच पशुसखी झाली होती. पशुसखी म्हणजे गावातल्या जनावरांवर लक्ष ठेवणारी, लसीकरणाला मदत करणारी आणि दुखणे मोठे दिसले की डॉक्टरांना वेळेत बोलावणारी बाई. तिचे प्रशिक्षण संपून आठवडाच झाला होता.

"भाऊ, मले एक बॅटरी दाखवा. लय महाग नको," ती म्हणाली.

पंजाबरावांनी सगळ्यात मोठी पुढे केली. "हे घ्या. अर्धा किलोमीटर जाते उजेड."

"मले अर्धा किलोमीटर नाही पाह्यचं. गाईचं तोंड पाह्यचं हाय."

पंजाबराव हसले, पण ती हसली नाही. पिशवीतून तिने रबरी हातमोजा काढून उजव्या हातात चढवला. डाव्या हाताची दावे धरल्यासारखी मूठ वळली आणि एकेक बॅटरी उजव्या हाताने चालू-बंद करून पाहिली. शेपटाला बटण असलेली चालू करायला तिला हातातली पकड बदलावी लागे. एकीत पाच प्रकारचे उजेड होते, हवा तो यायला चार वेळा दाबावे लागे. मला उचलले तेव्हा तिचा अंगठा आपोआप माझ्या बटणावर आला. एकदा दाबले, उजेड. पुन्हा दाबले, बंद.

"हिचा सेल कोनता?"

"घड्याळाचा. कुठल्याबी किराणा दुकानात भेटते."

"मंग हेच द्या. शिकणाऱ्याले एवढीच पुरे."

कुणीतरी मला पारखून निवडले, याचा मला केवढा आनंद झाला! पण माझ्यात एक खोट होती आणि ती ना तिला माहीत होती, ना मला.

करिष्माचे गाव जानेफळपासून जवळच. पहिले दोन महिने आम्ही गोठ्या-गोठ्यांतून हिंडलो. मी शेळीच्या खुरातला काटा दाखवला, वासराच्या कानातल्या गोचिड्या दाखवल्या. पण गावाचा तिच्यावर विश्वास नव्हता. कालपरवा आलेली सून, ती काय जनावरांचे जाणणार, असे बायका तिच्या पाठीमागे बोलत. ते मी पिशवीत बसून ऐकत असे.

मग ती दुपार आली. हिवाळ्याचे दिवस होते. मंजुळाबाई धापा टाकत दारात आल्या. "करिष्मा, चाल वो लवकर! चंद्रीनं सकाळपासून पानी नाही घेतलं. तोंडातून नुसती लाळ गळून राह्यली. मक्याचं कणीस अडकलं वाटते घशात."

चंद्री त्यांची गाय. सात महिन्यांची गाभण. मंजुळाबाई आणि त्यांचे यजमान नारायणराव यांनी तिला वासरू असल्यापासून वाढवले होते.

गोठा घराला लागूनच होता. बाहेर लख्ख ऊन होते, पण आत पत्र्याखाली गव्हाणीपाशी काळोख होता. चंद्री खुंट्याला दोर ताणून उभी होती. तिच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. मध्येच तिने मान लांबवून हंबरडा फोडला आणि करिष्मा जागच्या जागी थबकली. तो आवाज गाईचा वाटतच नव्हता. घोगरा, फाटलेला, जणू दुसऱ्याच कुणाचा.

नारायणराव बाही वर सारत मंजुळाबाईंना म्हणाले, "तू तोंड उघडून धर, मी हात घालून काढतो कणीस. मागंबी एकदा काढलं होतं म्या."

"थांबा काका. आधी मॅडमले विचारू द्या."

तिने पशुवैद्यकीय डॉक्टर शरयू मॅडमना फोन लावला. मॅडम तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला होत्या, यायला दोन तास तरी लागणार होते. करिष्माने लाळेचे आणि आवाजाचे सांगताच पलीकडून प्रश्न आला, "करिष्माताई, गेल्या काही महिन्यांत गाईला कुत्रं चावलं होतं का? विचारा."

करिष्माने विचारले. मंजुळाबाई म्हणाल्या, "दिवाळीच्या आधी चावलं होतं एक. नाकाडाले. हळद लावली, बरं झालं. त्याचं काय आता?"

फोनमधला आवाज बदलला. "तोंडात कुणीही हात घालायचा नाही. कुणीही. दोघांनाही लांब करा. तुम्ही गव्हाणीच्या या बाजूला थांबा आणि ती हंबरेल तेव्हा मला लांबूनच घसा दाखवा."

करिष्माने व्हिडिओ कॉल लावून डाव्या हातात फोन धरला, समोरचे मॅडमना दिसेल असा. उजव्या हातात मला घेतले. तिच्या अंगठ्याची नाडी माझ्या अंगावर धडधडत होती. चंद्रीने जबडा उघडला आणि तिने बटण दाबले.

मी उजळले, पण कशी? पिवळट, मलूल, विझू घातलेल्या निखाऱ्यासारखी! मित्रांनो, हीच माझी खोट. पिशवीत बाटली घासून माझे बाजूचे बटण दाबले गेले होते आणि रात्रभर मी कुणालाही नको असताना जळत राहिले होते.

त्या मरतुकड्या उजेडात घशाशी काहीतरी फुगीर दिसले.

"पाह्य, ते कणीस!" नारायणराव ओरडले. "दिसते का नाही? हट बाजूले!"

मलाही ते कणीसच वाटले. खोटे कशाला बोलू?

"काका, हात नका घालू!" करिष्मा त्यांच्या वाटेत आडवी झाली.

"गाय मरून राह्यली अन् तू बॅटऱ्या चमकवून राह्यली?" त्यांनी तिला खांद्याने ढकलले. त्यांच्या तर्जनीवर विळ्याची ताजी जखम होती, लाल, उघडी. ते बोट त्या लाळेपासून दोन हातांवर होते.

"मावशी, घड्याळातला सेल काढा! भिंतीवरच्या! पळा!"

मंजुळाबाई धावल्या. करिष्मा दोन्ही हात पसरून उभी राहिली. तिच्या मागे गाय मान झटकत होती, समोर संतापलेले नारायणराव होते. "मले मारा पाह्यजे तं," ती म्हणाली, "पन म्या हात नाही घालू देनार." ती जागची हलली नाही.

सेल आला. तिने माझे शेपूट फिरवले, जुना सेल खाली टाकला, नवा आत सरकवला. चंद्री पुन्हा हंबरली. बटण दाबले आणि या वेळी मी जीव लावून उजळले.

कणीस नव्हते. फुगीर दिसत होता तो जिभेचाच मागचा उंचवटा. त्यामागे घसा ओला, लाल आणि रिकामा होता. अडकलेले काही नव्हते, फक्त तिला गिळताच येत नव्हते.

"पाहिलं मी," फोनवरून शरयू मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "अडकलेलं काही दिसत नाही. मला गाय पिसाळल्याची शंका आहे, आणि तो रोग लाळेतून लागतो. गोठा बंद करा. आज सकाळपासून लाळेला कुणाचा हात लागलाय?"

मंजुळाबाईंनी पदराने चंद्रीचे तोंड पुसले होते. नारायणरावांनी तिला गुळाचा खडा भरवला होता, त्याच जखमेच्या हाताने. करिष्माने दोघांना साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुवायला लावले. पंधरा मिनिटे, एक मिनिटही कमी नाही. संध्याकाळी मॅडम आल्या आणि त्याच गाडीने दोघांना इंजेक्शनांसाठी मेहकरच्या दवाखान्यात घेऊन गेल्या.

चंद्री चौथ्या दिवशी गेली.

गावात बोलणे सुरू झाले. एका हाताने निघणारे कणीस या बाईने काढू दिले नाही, नुसती बॅटरी दाखवत बसली, असे लोक म्हणू लागले. आठ दिवसांनी तपासणीचा कागद आला. गाय पिसाळलीच होती. पण तो कागद वाचायला कुणी आले नाही. करिष्माने मला पेटीत टाकले आणि गोठ्यांत जाणे सोडले. घाईत बटण दाबलेलेच राहिले. मी जळून विझले आणि आतला सेल पाझरू लागला. माझ्या स्प्रिंगवर पांढरी बुरशी चढल्यासारखे झाले. अंधारात पडून मी तिचे रडणे ऐकले आहे.

महिना उलटल्यावर नारायणराव दारात आले. खिशातून त्यांनी इंजेक्शनांचे कार्ड काढून तिच्यापुढे धरले. "सगळे झाले," ते म्हणाले. "गाय गेली. पन त्या दिवशी म्या हात घातला असता, कोनाले सांगितलंबी नसतं, तं आज तुह्या दारात कोन आलं असतं?"

करिष्माने ते कार्ड हातात घेतले.

"तुह्या मॅडमले बोलाव. गावातल्या कुत्र्याइले सुया टोचा म्हना. धरून म्या देतो."

त्या संध्याकाळी तिने मला पेटीतून काढले. जुन्या ब्रशने स्प्रिंग घासली, कोरड्या फडक्याने पुसली, नवा सेल घातला. उजेड आला तेव्हा ती किती दिवसांनी हसली! आता पिशवीत ठेवताना ती माझा सेल काढून वेगळा ठेवते.

कुत्र्यांच्या लसीकरणाला सारा गाव आला. आणि पोळ्याच्या सुमारास मंजुळाबाईंनी नवी कालवड आणली, तेव्हा तिला गोठ्यात नेण्याआधी सरळ करिष्माच्या अंगणात उभी केली. "आधी तू पाह्य," त्या म्हणाल्या. करिष्माने माझे बटण दाबले.

मित्रांनो, मी स्वस्तातली बॅटरी आहे. माझ्याकडून फार मोठ्या गोष्टींची अपेक्षा ठेवू नका. माझा सेल बदलत जा, काच पुसत जा, बटण चुकून दाबलेले नाही ना, एवढे पाहत जा. कुत्रे चावले, मग ते माणसाला असो की गाईला, तर हळद लावून घरी बसू नका. आणि जीव कितीही कळवळला, तरी न पाहता हात घालू नका. तेवढा एक क्षण मला द्या.