फिदानामावशीचा जनरेटर

ओल्या बर्फाच्या भाराने रोडोपीच्या डोंगरात झाडं विजेच्या तारांवर आडवी झाली, तेव्हापासून स्तामेन आणि रांगेल हे दोघे लाइनमन जवळजवळ खांबांवरच राहत होते. आधी मोठी लाइन, मग इस्पितळ, मग खालची गावं, आणि सगळ्यात शेवटी डोंगरमाथ्यावरची ही वस्ती. इथे पोचेपर्यंत स्तामेनला हात खांद्याच्या वर नेणंही जिवावर यायला लागलं होतं.

"आलात का?" फाटकाशी उभा असलेला एक म्हातारा म्हणाला. "आम्हाला वाटलं, आता ईस्टरलाच दर्शन."

"तेव्हा आलो असतो तर रंगवलेली अंडी तरी मिळाली असती," रांगेल म्हणाला.

स्तामेनने ट्रान्सफॉर्मरपाशी वस्तीचा पुरवठा तोडला. दोन खांबांमधली तार तुटून बर्फात पडली होती. रांगेल हातमोजे सावरत ती उचलायला वाकला.

"थांब जरा," स्तामेन म्हणाला आणि निव्वळ सवयीने त्याने तारेला टेस्टर लावला. टेस्टरचा लाल दिवा पेटला.

रांगेलने हात मागे घेतला आणि होता तिथेच बर्फात बसला.

"कोणीतरी जनरेटर घराच्या सॉकेटला जोडलाय," स्तामेन म्हणाला. "त्याची वीज उलटी तारेत येतेय. तू बस इथेच. कशाला हात लावू नकोस."

जनरेटरच्या आवाजाच्या रोखाने तो शेवटच्या घरापाशी पोचला. लाकडांच्या पडवीत जनरेटर धडधडत होता. दारात त्या घरातल्या फिदानामावशी उभ्या होत्या, केस विस्कटलेले, हाताला पेट्रोलचा वास. वाटेत स्तामेनने शिव्यांची चांगली जुळवाजुळव केली होती.

"बंद करा ते, मावशी. माझा जोडीदार आत्ता मरता मरता वाचला."

"आणि माझा?" त्यांनी दार पूर्ण उघडलं.

आत पलंगावर त्यांचे यजमान वल्चो उशांना टेकून बसले होते. नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनचं यंत्र. ओठ निळसर पडलेले.

"हे थांबलं की तो कासावीस होतो," मावशी म्हणाल्या. "जावयाने फोनवर सांगितलं तसं जोडलं. मला काय कळतंय त्यातलं? आणि तुम्ही होतात कुठे इतके दिवस?"

जुळवलेल्या शिव्या स्तामेनने मनातून काढून टाकल्या. त्याने गाडीतून लांब वायर आणली, खिडकीतून आत घेतली. "यंत्र थेट जनरेटरवर लावतो. घराची जोडणी काढायला लागेल. मधे जरा वेळ यंत्र बंद राहील."

"किती वेळ?"

"मी धावतो."

मावशींनी नवऱ्याचा हात धरला. स्तामेनने यंत्राचा प्लग भिंतीतून काढून लांब वायरला लावला, तसं यंत्र थांबलं. वल्चो तोंड उघडून हवा ओढत राहिले. पडवीपर्यंतची ती चार पावलं स्तामेन बर्फात घसरत, धडपडत गेला. सॉकेटची जोडणी काढून त्याने जनरेटरला ती लांब वायर लावली, तसं यंत्र पुन्हा फुसफुसू लागलं. घराचे फ्यूज त्याने काढून खिशात टाकले.

मग खांबांपाशी परत जाऊन त्याने तारेला पुन्हा टेस्टर लावला. या वेळी दिवा लागला नाही. रांगेलने ती उचलली खरी, पण उचलण्याआधी दोनदा स्तामेनकडे बघितलं. तार जोडून होईपर्यंत दुपार कलली. पुरवठा सुरू केला तसे वस्तीतले दिवे लागले, कुठेतरी रेडिओ वाजायला लागला.

फ्यूज बसवायला स्तामेन परत आला, तेव्हा मावशी खुर्चीतच मान टाकून झोपल्या होत्या. वल्चोंनी ओठांवर बोट ठेवलं.

"उठवू नकोस तिला," ते धापा टाकत म्हणाले. "रात्रभर पेट्रोल भरायला उठत होती."

स्तामेनने फ्यूज बसवले, यंत्र भिंतीच्या सॉकेटला लावलं, ते चालतंय याची खात्री केली आणि पडवीत जाऊन जनरेटर बंद केला. एवढ्या धडधडीनंतर त्याचे कान बधिरले होते. बाहेर रांगेल गाडीच्या चाकाला टेकून बसला होता. खालच्या ऑफिसातून फोन आला होता, घाटात आणखी एक झाड पडलं होतं.

"तू चालव," रांगेल म्हणाला. "मला अजून तो लाल दिवाच दिसतोय."

स्तामेनने त्याच्याकडून किल्ल्या घेतल्या.